ट्रक टर्मिनलला नगरपंचायत 'नाही' म्हणते तेव्हा: झोन, ठराव आणि सवलतीचा अर्ज

वणी, घुग्घुस, राजुरा, कोरपना या पट्ट्यात ट्रक म्हणजे काय हे कोणाला सांगावं लागत नाही. कोळसा आहे, सिमेंट आहे, दिवाळीनंतर कापूस आहे. गाड्या वाढत गेल्या, त्या उभ्या करायला जागा मात्र कोणी केली नाही. मग त्या पेट्रोल पंपासमोर, शाळेच्या कुंपणाला लागून, नाहीतर थेट बायपासच्या कडेला लागतात. अशात एखादा कास्तकार किंवा गाडीमालक ठरवतो, की रस्त्यालगतच्या आपल्या तीन एकर वावरात टर्मिनल काढावं. मुरूम पडतो, तारेचं कुंपण होतं आणि नोटीस येते: हद्दीत नवीन ट्रक टर्मिनलला परवानगी नाही.

पूर्वी हे काम ग्रामपंचायतीच्या नाहरकतीवर ओढून नेता यायचं. गेल्या दहा-बारा वर्षांत तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायती नगरपंचायती झाल्या. कोरपना, मारेगाव, झरी-जामणी, समुद्रपूर ही आपल्याकडची उदाहरणं. नगरपंचायत ही नियोजन प्राधिकरण असते. तिथं महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ हा कायदा आणि डिसेंबर २०२० पासून लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली चालते. तिलाच सगळे 'यूडीसीपीआर' म्हणतात.

मी स्वतः या वाटेनं गेलो आहे आणि तोंडावर पडलो आहे. माझा पहिला अर्ज सात महिन्यांनी एका ओळीच्या उत्तरासह परत आला: 'सदर वापर अनुज्ञेय नसल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' म्हणजे फाईल बंद. चूक माझीच होती. मी सवलत मागितली होती आणि मला लागणार होता झोन बदल, म्हणजे नकाशात त्या जमिनीला ठरवून दिलेला वापरच बदलणं. दोन्हीची दारं वेगळी, टेबलं वेगळी, कायद्याची कलमंही वेगळी. तेव्हापासून कोणी फाईल घेऊन आलं की मी आधी एकच विचारतो: 'नाही' कोण म्हणालं, आणि कशाच्या आधारावर?

आधी नकार कागदावर घ्या

काउंटरवरचं 'होत नाही भाऊ' हे उत्तर नव्हे. रीतसर अर्ज द्या, आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा स्टॅम्प लावून तीन गोष्टी मागा: टर्मिनलबंदीच्या ठरावाची प्रमाणित प्रत, त्या सभेचं इतिवृत्त आणि तुमच्या अर्जावरची टिप्पणी, म्हणजे फाईलवर कर्मचाऱ्यांनी लिहिलेला शेरा. टिप्पणी महत्त्वाची, कारण खरं कारण तिथं असतं. तुम्हाला आलेल्या पत्रात 'नियमानुसार' एवढंच असतं, टिप्पणीत 'रस्ता ९ मीटर, वापर अनुज्ञेय नाही' असं लिहिलेलं सापडतं.

कागद हातात आल्यावर नकार चारपैकी कुठल्या तरी एका घरात बसतो: सभेचा ठराव, जमिनीचा झोन, रस्ता किंवा जमिनीचा स्वतःचा इतिहास. कधी दोन-तीन घरांत एकदम बसतो. तेव्हा सगळ्यात अवघड घरापासून सुरुवात करा. आपल्याकडे ते घर बहुतेक वेळा चौथं असतं, म्हणून मी उलटीकडून सांगतो.

जमीन: सातबाऱ्याच्या मागे काय आहे

सातबारा, आठ-अ आणि फेरफार तर सगळेच काढतात. विदर्भात तेवढ्यावर भागत नाही.

पहिला प्रश्न झुडपी जंगलाचा. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर ८६,४०९ हेक्टर जमीन झुडपी जंगल म्हणून नोंदलेली आहे. प्रत्यक्षात तिथं बाभळीचं एक झाड नसेल, पण सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ च्या निकालात ही जमीन वनजमीनच धरली आहे. म्हणजे केंद्राच्या मंजुरीशिवाय तिचा दुसरा वापर नाही. तुमचा प्लॉट स्वच्छ असेल, तरी तुमच्या धुऱ्यापासून डांबरापर्यंतची पट्टी कोणाची आहे ते बघा. एका ओळखीच्या माणसाचं वावर, भोगवटादार वर्ग १, म्हणजे पूर्ण मालकीचं, एकदम निखळ. पण वावर आणि रस्ता यांच्यामध्ये चाळीस फुटांची झुडपी जंगलाची चिंचोळी पट्टी. त्याचे आजोबा, बाप आणि तो स्वतः तिच्यावरून बैलबंडी नेत आले. बैलबंडीला कोणी अडवलं नाही, ट्रेलरच्या गेटला अडवलं. फाईल तिथंच संपली आणि मोजणीचे पैसे गेले ते वेगळेच.

अमरावती विभागात असाल तर हीच काळजी ई-क्लास जमिनीबाबत घ्या. गावाच्या चराईची ती जमीन, तिच्यातून पोचरस्ता गृहीत धरू नका. नझूलची, म्हणजे गावा-शहरातली सरकारी जमीन असेल तर भाडेपट्ट्याची मुदत आणि त्यात लिहिलेला वापर वाचा.

दुसरं, निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज. मध्य प्रांताच्या जमान्यापासून आपल्याकडे चालत आलेले हे कागद महसूल संहितेच्या कलम १६१ आणि १६५ खाली आजही जिवंत आहेत. गुरं कुठून जातात, पाणवठ्याची वाट कुठली, खळं कुठं, हे तिथं लिहिलेलं असतं. पटवाऱ्याकडे मागितलं तर तो आधी तुमच्याकडे बघेल, मग कपाटाकडे. पण मागाच. सुनावणीत कोणी म्हातारा उठून 'इथून ढोरं जातात' म्हणाला आणि ते कागदावर निघालं, तर तुमचा नकाशा तिथल्या तिथं नापास.

तिसरं, जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर 'विकत नाही घेत, भाड्यानं घेतो' ही पळवाट चालत नाही. महसूल संहितेच्या कलम ३६-अ मध्ये बिगर-आदिवासीला भाडेपट्टाही मंजुरीशिवाय देता येत नाही. वर्ग २ ची, म्हणजे सरकारी अटींवर दिलेली जमीन असेल तर तहसीलमध्ये आधी परवानगीचं बघा, टर्मिनलचं नंतर.

ताडोबा, टिपेश्वर, बोर, उमरेड-कऱ्हांडला, पेंच, मेळघाट यांच्या आसपास असाल तर पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेत तुमच्या गावाचं नाव आणि गट नंबर शोधा. हे काम एका दुपारचं आहे, आणि ते टाळणाऱ्यांची वर्षं गेलेली मी बघितली आहेत.

रस्ता

इथं लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. शहरात सकाळ-संध्याकाळ जड वाहनांना प्रवेशबंदी असणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ चा भाग. वाहनं थांबवण्याच्या जागा ठरवणं हे कलम ११७ चं, आणि तेही स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून. या दोन्हींचा झोनशी संबंध नाही. प्रवेशबंदीच्या वेळेबाहेर गाड्या येणार-जाणार असतील आणि गेट बायपासवर असेल, तर प्रवेशबंदी हे टर्मिनल नाकारण्याचं कारण होत नाही. टिप्पणीत ते कारण दिसलं तर अर्जात शांतपणे एका परिच्छेदात खोडून काढा.

राष्ट्रीय महामार्गालगत, समजा ४४ किंवा ५३ वर, जमीन असेल तर रस्त्याच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा धरतात. ऑफिस, धर्मकाटा (वजनकाटा), शौचालय, चहाची टपरी, सगळं त्या हिशोबानं मागे जातं. अरुंद पट्टी असेल तर अर्धी जमीन इथंच खर्ची पडते. शिवाय महामार्गावरून आत वळण्याची परवानगी महामार्ग प्राधिकरणाकडून किंवा सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडून वेगळी घ्यावी लागते. नगरपंचायत ती देऊ शकत नाही, दिली असं सांगितलं तरी खरं मानू नका.

पांदण रस्त्यावर गेट काढायचं डोक्यात असेल तर सोडून द्या. महसूल संहितेच्या कलम १४३ चा वहिवाटीचा रस्ता शेतीसाठी मिळतो, बारा चाकी टिपरसाठी नाही.

झोन: कोणता नकाशा, कोणाचा नकाशा

तुमच्या जमिनीवर नियोजन प्राधिकरण कोण, हे आधी ठरवा. नगरपंचायतीची हद्द संपली की जिल्हाधिकारी आणि नगर रचना विभागाचं जिल्हा कार्यालय. नागपूरभोवतीच्या तालुक्यांत नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी. समृद्धी महामार्गालगतच्या नवनगरांत रस्ते विकास महामंडळ. चुकीच्या दारात दिलेला अर्ज परत यायला तीन महिने सहज लागतात.

मग झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. दोन्ही एकत्रच मागा. नुसत्या दाखल्यात 'शेती विभाग' एवढंच येतं, पण शेजारून जाणारा आखलेला रस्ता किंवा तुमच्यावरच पडलेलं आरक्षण भाग नकाशातच दिसतं. या सेवा लोकसेवा हक्क कायदा, २०१५ खाली येतात. मुदतीत मिळालं नाही तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे करता येतं, आणि नुसतं अपील करणार आहोत असं लेखी कळवलं तरी कागद हलतो असा माझा अनुभव आहे.

झोन कळला की यूडीसीपीआरचं प्रकरण ४ उघडा. कुठल्या झोनमध्ये कुठला वापर चालतो, किती रुंदीच्या रस्त्यावर चालतो, हे तिथं कलमवार दिलं आहे. एक एक शब्द वाचा. गोदाम म्हणजे टर्मिनल नव्हे, पार्किंग म्हणजे टर्मिनल नव्हे, पेट्रोल पंपाशेजारी गाड्या थांबणं म्हणजेही नव्हे. 'गोदाम दाखवू आणि मागं गाड्या लावू' हा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तो घेऊ नका. पहिल्या तक्रारीवर नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची नोटीस येते (इथून पुढं नुसतं 'कलम' म्हटलं की याच कायद्याचं), आणि विनापरवाना वापरासाठी कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

औद्योगिक झोनमध्ये जागा असेल तर तुम्ही नशीबवान, मोठी लढाई लागत नाही. रहिवासी झोनमध्ये मी स्वतः प्रयत्नही करणार नाही. प्रश्न येतो शेती झोनचा, आणि आपल्या गावांची नव्वद टक्के भांडणं तिथलीच.

विकास आराखड्यात आधीच 'ट्रक टर्मिनस' नावाचं आरक्षण कुठं आहे का, तेही बघून ठेवा. असेल आणि ती जागा वर्षानुवर्षं रिकामी पडलेली असेल, तर तो तुमच्या बाजूचा मुद्दा आहे: गरज नगरपंचायतीनंच मान्य केली, जागा मात्र दिली नाही. आरक्षण तुमच्याच जमिनीवर असेल तर कथा उलटी. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली नाही, तर कलम १२७ ची खरेदी सूचना ('जमीन विकत घ्या' अशी नोटीस) देता येते, आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं.

ठराव

'सर्वसाधारण सभेनं ठराव घेतला, हद्दीत नवीन टर्मिनल बंद.' हे ऐकून माणसं घरी जातात. पण सभेच्या ठरावानं मंजूर आराखड्यातला झोन बदलत नाही, आणि नियमावलीनं दिलेला वापर रद्दही होत नाही. आराखड्यात फेरफार करायचा तर कलम ३७ ची वाट आहे: राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रात सूचना, हरकतींसाठी एक महिना, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी. तुमचा वापर नियमावलीप्रमाणं अनुज्ञेय असेल आणि नकार फक्त ठरावावर उभा असेल, तर मुख्याधिकाऱ्यांना तसं लेखी कळवा. ठराव कायद्याविरुद्ध वाटत असेल तर नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०८ खाली त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे.

एवढं असूनही मी ठरावाशी भांडण शेवटी ठेवतो. ज्या सतरा नगरसेवकांनी हात वर केले त्यांच्याकडेच उद्या झोन बदलाचा प्रस्ताव न्यायचा असतो. बरेचदा ठराव एखाद्या अपघातानंतर झालेला असतो. तो अपघात कुठं झाला, कोणाच्या घरचा माणूस गेला, हे माहीत असल्याशिवाय सभागृहात पाऊल टाकू नका.

मग मागायचं काय

आता दारं मोजून सांगतो.

वापर चालतो, पण गेटची रुंदी, सामासिक अंतर (कडेनं मोकळी सोडायची जागा) किंवा असंच एखादं माप बसत नाही: तेव्हा शिथिलता, म्हणजेच सवलत. यूडीसीपीआरमध्ये खरी अडचण दाखवून मापात सूट मागता येते; आरोग्य, आग आणि लोकांची सुरक्षितता यांना धक्का लागत नाही हे तुम्ही दाखवायचं असतं. 'आर्थिक नुकसान होईल' ही अडचण नव्हे. 'शेजारून नाला जातो, म्हणून उत्तरेकडे जागा सोडता येत नाही, त्याऐवजी दक्षिणेकडे दुप्पट सोडतो' ही अडचण.

वापरच चालत नाही: तेव्हा आराखड्याच्या हद्दीत कलम ३७, प्रादेशिक योजनेच्या हद्दीत कलम २०. यात शिथिलतेचा शब्दही घालू नका. माझी फाईल त्याच शब्दानं खाल्ली.

परवानगी रीतसर नाकारली आहे आणि कारण चुकीचं आहे: तेव्हा कलम ४७ चं अपील शासनाकडे. आदेश मिळाल्यापासून चाळीस दिवस. पाकीट ज्या दिवशी हातात पडलं त्याची तारीख पाकिटावरच लिहा आणि पाकीट फेकू नका.

साठ दिवसांत उत्तर आलं नाही की परवानगी मिळालीच, असं सांगणारे सल्लागारही भेटतात. कलम ४५ मध्ये मानीव परवानगी आहे, पण काम नियमावलीत बसत असेल तरच. जिथं वापराचाच वाद आहे तिथं या भरवशावर मुरूम टाकणं म्हणजे स्वतःच्या पैशानं पुरावा तयार करणं.

कलम ३७ चा प्रस्ताव कसा बांधायचा

कायद्यात एक अट आहे: फेरफारानं आराखड्याचं मूळ स्वरूप बदलता कामा नये. तुमचं सगळं लिखाण या वाक्याभोवती फिरलं पाहिजे. तीन एकरांचा तुकडा, बायपासला लागून, गावठाणापासून लांब, शेजारी जिनिंग किंवा कोळशाची सायडिंग असेल तर तसं लिहा, नकाशावर रंगवून दाखवा.

मग गाड्यांचा हिशोब. नियमाप्रमाणं एकसंध ट्रक १२ मीटर लांब आणि २.६ मीटर रुंद असू शकतो, ट्रेलर त्याहून लांब. उभं राहणं, वळणं आणि मधली वाट धरून मी एका गाडीला दीडशे चौरस मीटर धरतो. एकराचे साधारण ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे एकरी सव्वीस-सत्तावीस गाड्या. झाडं, काटा, शौचालय आणि ड्रायव्हरांची खोली वजा केली की वीस. अर्जात 'एकरी पन्नास' लिहिणाऱ्याचा नकाशा नगर रचनावाले पहिल्या नजरेत बाजूला ठेवतात.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो मोजणीच्या वहीचा. आम्ही दोन पोरं चौकात छत्रीखाली बसवली, सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, सकाळी सहा ते रात्री दहा. एकानं भरलेल्या गाड्या मोजायच्या, दुसऱ्यानं रिकाम्या. ताडपत्री असलेली भरलेली, नसलेली रिकामी, असं सांगून बसवलं. पहिल्याच दिवशी दुपारी पोरानं फोन केला, 'काका, भरलेल्यावर बी ताडपत्री नाही, कशी मोजू?' त्या दिवसापासून वहीत तिसरा रकाना आला: भरलेली, उघडी. सोमवारी बाजाराच्या दिवशी रस्त्याकडेला तासन्‌तास थांबलेल्या गाड्यांचे फोटो, वेळेसकट, वहीला जोडले. सुनावणीत तो तिसरा रकानाच सगळ्यांनी वाचला. गाड्या गावात उभ्या राहतातच, टर्मिनल नसलं तरी. प्रश्न फक्त कुठं, हे त्यातून आपोआप दिसलं.

सोबत जोडा: मोजणीची क-प्रत (भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा), झोन दाखला, भाग नकाशा, मालकीचे कागद, वास्तुविशारदाचा नकाशा, पोचरस्त्याची परवानगी किंवा निदान तिच्या अर्जाची पोच, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा निचरा. गाड्या धुणार असाल किंवा डिझेल साठवणार असाल तर ते लपवू नका. त्याच्या परवानग्या वेगळ्या आहेत आणि नंतर उघड झालं तर सगळंच संशयात जातं.

हरकती आणि सुनावणी

हरकतदार म्हणजे शत्रू, या समजुतीनं जाऊ नका. आमच्या वेळी एक आजी उभी राहिली. झोन, कलम, कशाशी देणंघेणं नाही. म्हणाली, सात वाजून दहा मिनिटांनी नातवाची शाळेची गाडी त्याच फाट्यावर येते, तुमचं गेट तिथंच. आम्ही गेट सव्वाशे फूट पुढं सरकवलं, सुधारित नकाशा जोडला आणि सात ते आठ गाडी बाहेर काढणार नाही असं हमीपत्र दिलं. मुख्याधिकाऱ्यांनी ते अटींत घातलं.

तुम्ही स्वतः हरकत घेणाऱ्यांपैकी असाल तरी रीत तीच. महिन्याच्या आत, लेखी, गट नंबर टाकून, आणि मोजता येईल असं कारण देऊन. रहिवासी भागात रात्री ४५ डेसिबल आणि दिवसा ५५ ही मर्यादा आहे. दवाखाना, शाळा, न्यायालयाभोवती निदान शंभर मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. 'आमचा विरोध आहे' एवढंच लिहिलेल्या दोनशे सह्यांपेक्षा 'माझ्या घरापासून गेट साठ मीटर' हे एका माणसाचं वाक्य टिकतं.

प्रस्ताव शासनाकडे गेला की वर्ष-दीड वर्ष धरूनच चला. मंजुरीची अधिसूचना राजपत्रात आली की तिची प्रत काढा, मग विकास परवानगी, विकास शुल्क, आणि अकृषिक आकारणीचं तहसीलमध्ये. महसूल संहितेतली ही कलमं गेल्या काही वर्षांत बऱ्याचदा बदलली आहेत, म्हणून ज्या आठवड्यात अर्ज द्याल त्या आठवड्यातला शासन निर्णय मागून घ्या, दोन वर्षांपूर्वीच्या मित्राच्या फाईलवरून उतरवू नका. बांधकाम परवानगी एक वर्ष चालते, मुदत वर्षावर्षानं वाढवून घ्यावी लागते. आमच्या परवानगीची तारीख मी धर्मकाट्याच्या केबिनच्या दारावर खडूनं लिहून ठेवली होती, पावसानं पुसली की पुन्हा लिहायचो.